मागचे ब्रेक पॅड घरी बदलावेत का? माझं मत: शिकून घ्या आणि बदला

घोडबंदरकर
आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर विषय निघाला की पार्किंगमध्ये गाडी उचलून ब्रेकचं काम करायला कमिटीने बंदी घालावी. माझा विरोध आहे. का, ते सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात, तो विषय वेगळा. पण मागेही डिस्क ब्रेक असेल, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी चकती दोन पॅडमध्ये दाबून गाडी थांबत असेल, तर पॅड बदलायला शिकावंच. पैसे वाचतात हे दुय्यम. ब्रेकचा मोठा भार पुढच्या चाकांवर पडतो, म्हणून मागच्यांकडे कुणी बघत नाही. माझ्या गाडीला एका गॅरेजने मागचे पॅड टाकून दिले होते. पावसाळा संपल्यावर मी चाक खोललं, तर डावीकडचा आतला पॅड पाठच्या पत्र्यापर्यंत झिजलेला आणि त्याच चाकाचा बाहेरचा जवळजवळ नवा! पॅड दाबणारा कॅलिपर ज्यावर सरकतो ती स्लायडर पिन गंजून बसली होती, हाताने हलेना. कॅलिपर सरकला नाही की पिस्टनसमोरचा (पॅड ढकलणाऱ्या दट्ट्यासमोरचा) आतला पॅड एकटाच झिजत राहतो. पॅड टाकतानाच पिना काढून, पुसून, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं असतं तर हे झालं नसतं. एकामागून एक गाड्या उरकणारा माणूस तेवढा वेळ देत नाही. आपण देतो, कारण त्या गाडीत आपलीच पोरं बसतात.

सानपाडा_१९
पूर्ण असहमत, आणि बंदीच्या बाजूने. गाडी तुमची असली तरी पाम बीच रोडवर तुमच्यापुढे स्कूटीवर चाललेली बाई तुमच्या हिशेबात नाही. आमच्या शेजारच्या विंगमधल्या एकाने घरीच पॅड टाकले, चाकं बसवली आणि थेट रिव्हर्स घेतला. नवे जाड पॅड बसवायला पिस्टन आत दाबलेला, पेडल पंप केलेलं नाही. पाय तळाला गेला तरी गाडी थांबेना, डिकी खांबावर. त्या खांबाला टेकवून मुलं सायकली लावतात. संध्याकाळची वेळ असती तर काय, याचा विचार करा.

घोडबंदरकर
सानपाडा, ती गोष्ट गंभीरच आहे. पण गॅरेजमधला नवखा पोरगाही हीच चूक करू शकतो. पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं, मग ब्रेक ऑइलची पातळी बघायची, आणि त्यानंतरच किल्ली फिरवायची. हे माहीत नसेल त्याने हात लावू नये, हे मलाही मान्य. म्हणूनच तर शिका म्हणतोय.

वागळे_गॅरेज
माझा धंदाच हा आहे, म्हणून बोलतो. साहेब, मागचं काम पुढच्यासारखं नसतं. पुढचा पिस्टन सी-क्लॅम्पने (स्क्रूच्या शिकंजाने) दाबला की आत जातो. मागे कॅलिपरमध्येच हँडब्रेक असेल तर बऱ्याच गाड्यांत पिस्टन दाबत दाबत फिरवावा लागतो. नुसता दाबायला गेलात तर आतली यंत्रणा गेली, म्हणजे कॅलिपरच नवा. बटणाचा हँडब्रेक असेल तर आधी सर्व्हिस मोडमध्ये टाकून मोटर मागे घ्यावी लागते. काही गाड्यांत ते गाडीला जोडायच्या स्कॅनरशिवाय होत नाही. अशी गाडी घरी खोलू नका, एवढं माझं ऐका.

पिनांचं तुमचं म्हणणं मात्र खरं आहे. पण गिऱ्हाईक विचारतं, ‘पॅड टाकायचे किती?’ आणि शेजारच्यापेक्षा पन्नास रुपये कमी करायला लावतं. साफसफाईची मजुरी द्यायला कुणी तयार नसतं. सांगा की, पिना काढून दाखव आणि त्याचे वेगळे पैसे घे. आम्ही तुम्हाला शेजारी उभं करून दाखवतो.

घोडबंदरकर
दादा, बटणाच्या हँडब्रेकचं मान्य, तिथे मी मागे हटतो. उभं राहून बघण्याचंही पटतं, पण किती ठिकाणी आत येऊ देतात? बाहेर वेटिंग रूममध्ये चहा देऊन बसवतात, आणि गाडी धुऊनच समोर येते.

ऐरोली_नाका
मला भीती ब्रेकची नाही, जॅकची वाटते. मागचं काम म्हणजे हँडब्रेक सोडलेला. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे हवेत, आणि गाडी जॅक स्टँडवर. डिकीतला जॅक फक्त स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर कुणी हात आत घालू नये. आमच्या पोडियमला पाणी वाहून जायला उतार दिलाय, तिथे तर नकोच. कमिटीने सरसकट बंदीऐवजी सपाट जागा ठरवून द्यावी.

पारसिक_उतार
पॅडवर एवढी चर्चा, आणि ब्रेक ऑइलवर कुणी बोलत नाही! घरी काम करणारे तिथेच कमी पडतात. ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा धरल्यावर ती हमी १५५ वर येते. गायमुखच्या घाटात उतारावर पाय सतत ब्रेकवर ठेवलात आणि ऑइल जुनं असेल, तर वाफ धरते आणि पेडल मऊ पडतं. नवे कोरे पॅडही मग उपयोगाचे नाहीत. शिवाय पिस्टन मागे घेताना टाकीतलं ऑइल वर चढतं. सांडलं तर रंग खातं, लगेच पाण्याने धुवा.

सानपाडा_१९
बघा, एकेकाने एकेक मुद्दा सांगितला तेव्हा कुठे यादी पूर्ण होतेय. व्हिडिओ बघून खोलणाऱ्याला यातलं किती ठाऊक असेल? माझं मत तेच आहे.

वागळे_गॅरेज
तरी कुणाला करायचंच असेल तर पहिल्या वेळी जाणकार माणूस शेजारी उभा करा. दोन्ही चाकांचे पॅड एकाच वेळी बदला, पण दोन्ही बाजू एकदम खोलू नका. एक पुरी करा, दुसरी नमुना म्हणून तशीच राहू द्या. कॅलिपर होजवर (ब्रेक ऑइलच्या नळीवर) लोंबकळत सोडू नका, तारेने वर बांधा. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून बघा. तिच्या खाली गेली असेल तर नवे पॅड टाकून उपयोग नाही, आधी डिस्क बदला.