समलिंगी मालिका, मासिकं: सगळं बघत-वाचत राहायलाच पाहिजे का?

गंजगोलाई (लातूर)

पुण्यातले मित्र भेटले की पहिला प्रश्न ठरलेला, 'हार्टस्टॉपर' बघितलंस का? नाही म्हटलं की लगेच एकमेकांकडं बघायलेत.

मी गे आहे. लातुरात राहतो, आडतीवर हिशेब लिहितो. गे माणसानं प्रत्येक गे मालिका बघितलीच पाहिजे, प्रत्येक मासिक चाळलंच पाहिजे, हा गृहपाठ कुणी लावून दिला? 'हार्टस्टॉपर'चे तीन सीझन, 'क्वीअर आय', 'मेड इन हेवन', 'बधाई दो', वरून 'ॲटिट्यूड' आणि 'गेलॅक्सी' या गे मासिकांमधले लेख. एक संपेस्तोवर दुसऱ्याची लिंक येऊन पडलेली असते.

'हार्टस्टॉपर'मध्ये इंग्लंडमधल्या शाळेतली दोन पोरं हात धरतात, आई समजून घेते, चांगलंय. माझ्या घरी बहिणीची सोयरीक चाललीय, भावकीत वाटणीचा वाद आहे, आणि येणारा-जाणारा 'पोराचं कधी करायलाव?' म्हणून आईला विचारतो. त्या मालिकेतलं काय उचलून मी इथं लावू?

शिवाय बघायचं कुठं? मोबाईलवरचं स्वस्तातलं नेटफ्लिक्स महिन्याला १४९ रुपये, ते परवडतं. पण घरातला फोन पुतण्याच्या हातात असतो. काल रात्री काय अर्धवट सोडलं ते उघडल्या उघडल्या चित्रासकट वर दिसतं. मी ते यादीतून काढत बसतो. असलं चोरून बघण्यात काय मजा?

'साबर बोंडं'चं वेगळं. रोहन परशुराम कानवडेंचा मराठी सिनेमा, २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईचा पोरगा गावाकडं येतो, तिथं शेतात राबणारा त्याचा लहानपणीचा मित्र भेटतो. यातलं मला काहीही कुणी समजावून सांगायची गरज नाही. तर आपण ठरवलंय: मराठीत, आपल्या मातीतलं येईल तेवढं बघायचं. बाकी सगळं सोडलं. बोला.

गोदाकाठ (नांदेड)

बोलतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस आहे, जरा ऐकून घे.

तुझ्याकडं नको म्हणायला एवढी मोठी यादी आहे. आमच्याकडं ऱ्हस्व-दीर्घाची चूक काढायलासुद्धा एक ओळ नव्हती. १९८६ साली 'सॅव्ही' या इंग्रजी मासिकात पत्रकार अशोक राव कवींनी आपण समलिंगी असल्याचं उघड सांगितलं, ते मला कित्येक वर्षांनी कळलं. १९९० मध्ये त्यांनी मुंबईत 'बॉम्बे दोस्त' हे समलिंगी लोकांसाठीचं मासिक काढलं. त्याचा एक जुना अंक एका ट्रक ड्रायव्हर दोस्ताच्या पिशवीत पाहिला, तोवर मला वाटायचं नांदेड जिल्ह्यात असा मी एकटाच. इंग्रजी धड येत नव्हतं, शब्दकोश घेऊन बसलो. त्यातले लेख सोड, वाचकांची पत्रं वाचली. माणसं कुठून कुठून लिहायची! तेवढ्यावर मी पुढचं लग्नाचं बोलणं मोडायची हिंमत केली.

त्यातलं काही मी घरी 'लावलं' नाही, आणि लावायला वाचतही नव्हतो. आपण वेडे नाही एवढं कळण्यासाठी वाचत होतो. बाहेरचं बंद करशील, तर मराठीत तीन-चार वर्षांतून एखादी चीज येईल, तोवर काय करशील? मोबाईलवर सोयाबीनचा भाव बघत बसशील.

गंजगोलाई (लातूर)

सोयाबीनचा भाव बघावाच लागतो काका, पगार त्याच्यावर आहे.

दुधना (परभणी)

दोघांचंही चुकतंय. तुमच्या याद्यांत पोरी कुठे आहेत? कॉलेजात होते तेव्हा मी 'फायर'बद्दल वाचलं, दोन बायकांच्या प्रेमावरचा सिनेमा. १९९८ मध्ये तो भारतात लागला आणि मुंबईत थेटरं फोडली गेली. घरात बोलायचा प्रश्नच नव्हता. पुढं २०२१ मध्ये 'द मॅरीड वुमन' ही मालिका आली, तीही दिल्लीतल्या मोठ्या घरातली. परभणीची मुलगी अजून पडद्यावर यायचीय.

पण दादा, मराठीतलंच बघायचं हा तुमचा हट्ट माझ्या कामाचा नाही. मी मुद्दाम इंग्रजी बघते, कारण आईला इंग्रजी येत नाही. स्वयंपाक करता करता एका कानात लावून ऐकलं तरी चालतं, आवाज चुकून मोठा झाला तरी चालतं. हेच मराठीत असतं तर पहिल्याच वाक्याला आईनं लाटणं खाली ठेवलं असतं. तुम्हाला कळत नाही म्हणून जे नको वाटतं, ते मला घरच्यांना कळत नाही म्हणूनच हवंय.

साधा माणूस (बीड)

माफ करा, पण हे सगळं या वेबसिरीजवाल्यांनी आणलेलं फॅड आहे. आमच्या लहानपणी गावात असलं काही ऐकलं नव्हतं. मोबाईल आला आणि हे सुरू झालं. मासिकंच काढायची तर शेतीवर काढा.

निवृत्त मास्तर (अंबाजोगाई)

ऐकलं नव्हतं हे खरं असेल, साहेब. आपल्याला कोण सांगणार होतं? पण छापलं गेलं नव्हतं असं म्हणू नका. र. धों. कर्व्यांचं 'समाजस्वास्थ्य' हे मराठी मासिक १९२७ ते १९५३ चाललं. वाचक त्यात लैंगिक प्रश्न विचारायचे आणि कर्वे बिनदिक्कत उत्तरं द्यायचे, समलिंगी संबंधांबद्दलसुद्धा. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. १९३४ मध्ये कर्व्यांच्या बाजूनं कोर्टात कोण उभं राहिलं? डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरले, पण मासिक थांबलं नाही. पुढं ज्या बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभं केलं, तेच हे. तेव्हा मोबाईल नव्हता.

आमचा भाग त्या काळी निजामाच्या राज्यात, त्यामुळं तो अंक अंबाजोगाईत किती लोकांनी पाहिला असेल कोण जाणे. (मी स्वतः तो पहिल्यांदा पुण्यातल्या ग्रंथालयात पाहिला. कागद इतका पिवळा की पान उलटायची भीती वाटावी.)

विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ च्या सुमाराचं. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' कादंबरी २००६ ची, तिच्यावरचा सिनेमा २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. पुण्यात बिंदुमाधव खिऱ्यांनी समपथिक ट्रस्ट काढून या विषयावर मराठीत सातत्यानं लिहिलं, त्यांची 'पार्टनर' कादंबरी तर मी शिक्षकांच्या खोलीत वाचायला दिली होती. परत आली तेव्हा पुठ्ठ्यावर वर्तमानपत्राचं कव्हर चढलेलं होतं. कुणीतरी वाचली असणार. तर लातूरकर, मराठीत तीन-चार वर्षांतून एकच चीज येते हे गोदाकाठांचं म्हणणं तेवढं मान्य नाही. वाचली जात नाहीत ही अडचण आहे.

साधा माणूस (बीड)

कर्वे पुण्या-मुंबईचे होते. आपल्याकडचं सांगा.

मोसंबी (जालना)

आपल्याकडचं म्हणजे आपल्या जिल्ह्याचं असा अर्थ काढला तर रामायणही बाद होईल, भाऊ.

मला लातूरकरांचं अर्धं पटतं. जवळचं बघावं, पण जवळचं म्हणजे मराठीच का? 'काथल' बघा, २०२३ चा मल्याळम सिनेमा. त्यात मामूटी आहे. गावातला मान असलेला माणूस पोटनिवडणुकीला उभा राहतो आणि नेमकी त्याच वेळी बायको घटस्फोटाचा अर्ज करते, कारण नवरा समलिंगी आहे आणि इतकी वर्षं दोघंही ते पोटात घेऊन जगले. पक्षाची माणसं, गावकरी, कोर्टाची पायरी, म्हातारा बाप. हे जालन्यातलं कुठलंही गाव वाटतं. बायकोची बाजू इतकी नीट मांडलीय की बघून झाल्यावर मी बराच वेळ बायकोशी बोललो नाही. होय, माझं लग्न झालंय. पुढचं विचारू नका.

इंग्लंडची मालिका बघू नका, पण केरळचा सिनेमा सोडू नका.

दुधना (परभणी)

मोसंबीदादा, बोलत जा तिच्याशी. एवढंच म्हणते.

गोदाकाठ (नांदेड)

मास्तर, पुस्तकं मान्य. पण 'सत्यमेव जयते'चा ऑक्टोबर २०१४ चा तो भाग आठवतोय? समलिंगी मुलं आणि त्यांचे आईवडील आमिर खानसमोर येऊन बोलले. दूरदर्शनवरही लागायचा, रविवारी सकाळी. माझी आई बघत होती आणि मी शेजारी चहा घेऊन बसलो होतो. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर २०१३ मध्ये, सुप्रीम कोर्टानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ परत उभं केलेलं. कार्यक्रम संपल्यावर आई काहीच बोलली नाही. पण त्यानंतर माझ्या लग्नाचा विषय तिनं काढला नाही. कुठल्याही मासिकानं हे केलं नसतं, कारण मासिक आईपर्यंत पोचत नाही.

म्हणून म्हणतो, जे येतं त्यावर नजर असू दे. सगळं तुझ्यासाठी नसतं. काही घरच्यांसाठी असतं, आणि ते कधी, कुठल्या चॅनेलवर लागतंय हे आपल्यालाच माहीत असावं लागतं.

गंजगोलाई (लातूर)

हे मला पटलं नाही असं म्हणत नाही. पण काका, ती जबाबदारीही परत माझ्याच डोक्यावर आली ना? बघायचं मी, निवडायचं मी, आईसमोर लावायचं मी, आणि रिमोट हातात घेऊन श्वास रोखून बसायचं पण मीच. २०१८ ला ३७७ गेलं, २०२३ ला समलिंगी लग्नाला सुप्रीम कोर्ट नाही म्हणालं, तेही मीच घरात कुणाला न सांगता वाचलं. जरा कंटाळायचा हक्क द्या की ओ.

ताई, इंग्रजीच्या आडोशाचं डोक्यात नव्हतं आलं. आमच्याकडं वहिनी इंग्रजीची शिक्षिका आहे, त्यामुळं तोही मार्ग बंद.

'काथल' बघतो. 'हार्टस्टॉपर' नाही म्हणजे नाही.

गोदाकाठ (नांदेड)

नको बघू. पुढच्या वेळी पुण्याला गेलास की तूच पहिलं विचार, 'काथल' बघितला का म्हणून. निम्म्यांनी नावसुद्धा ऐकलेलं नसेल.