शब्दचर्चा : ‘मेर्शन’ला मराठीत काय म्हणावं? आणि ग्रिमचं ‘मूळ’ कोणतं?

प्रश्न

ग्रिम बंधूंच्या गोष्टी मूळ जर्मनमध्ये, सौम्य न केलेल्या रूपात वाचायला घेतल्या आहेत. सोबत मराठीत टिपणं काढते आहे, पण पहिल्याच शब्दाला अडले. ‘मेर्शन’ला परीकथा म्हणू, लोककथा म्हणू की आणखी काही? दुसरं असं की, एका संग्रहावर १८१२ची आवृत्ती असं लिहिलंय, दुसऱ्यावर १८५७ची, आणि दोन्ही स्वतःला ‘मूळ’ म्हणवतात. गोष्टी मात्र पुष्कळ वेगळ्या आहेत. मग ‘मूळ’ कशाला म्हणायचं?

प्रतिसाद १

‘परीकथा’ नको. तो शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, इंग्रजीत फ्रेंचमधून, आणि फ्रेंच दरबारी कथांत पऱ्या खरोखरच असतात. ग्रिमकडे त्या जवळजवळ नाहीतच. मनोऱ्यात कोंडलेल्या रापुन्त्सेलच्या १८१२च्या पाठात एक ‘फे’, म्हणजे परी, होती. पुढच्या आवृत्त्यांत विल्हेल्म ग्रिमने तिलाही बदलून जादूगारीण केलं.

‘मेअर’ म्हणजे वार्ता, खबर. त्याला ‘-शन’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागून ‘मेर्शन’ झालं, म्हणजे कानावर आलेली छोटीशी हकीकत. बोलीत कुणी थापा मारू लागलं की जर्मन माणूस ‘मला मेर्शन सांगू नकोस’ म्हणतो. आपणही ‘गोष्टी नको सांगूस’ म्हणतोच. म्हणून माझं मत ‘गोष्ट’ या साध्या शब्दाला. ‘लोककथा’ चुकीचं नाही, पण ती अभ्यासकाची संज्ञा आहे. आजी नातवाला ‘ये, लोककथा सांगते’ म्हणत नाही. ‘कहाणी’ हा शब्द मोहात पाडतो, पण आपली कहाणी व्रताला बांधलेली असते. शेवटी उतू नको, मातू नको असतं. तसं काही इथे नाही.

‘मेर्शन’शेजारीच ‘झागे’ हा शब्द भेटेल. ती दंतकथा. तिला गाव असतं, कधी सालही असतं. ग्रिम बंधूंनी झागेंचे दोन खंड १८१६ आणि १८१८ मध्ये स्वतंत्रपणे काढले. तिथे त्यांनी फरक एका ओळीत सांगितलाय : मेर्शन अधिक काव्यमय, झागे अधिक ऐतिहासिक. हामेलनचा पुंगीवाला या दुसऱ्या संग्रहात आहे. त्यात साल १२८४ आणि मुलांचा आकडा १३० दिलेला आहे. आपल्याकडे ती गोष्ट सरसकट परीकथांच्या पुस्तकात बसवतात, ते बरोबर नाही.

प्रश्नकर्ती

‘गोष्ट’ पटलं. पण ‘मूळ’चं काय? १८१२मध्ये क्रौर्य होतं आणि पुढे मुलांसाठी ते गाळत गेले, असं समजायचं का?

प्रतिसाद २

असं सगळीकडे सांगतात, पण पाठ शेजारी ठेवून वाचले की चित्र वेगळं दिसतं. काय गेलं, काय राहिलं आणि काय नव्याने आलं, हे तिन्ही बघायला हवं.

गेलं ते मुख्यतः शरीर आणि आई. १८१२ची रापुन्त्सेल म्हातारीला भोळेपणाने विचारते, ‘सांगा ना गोथेलबाई, माझे कपडे इतके घट्ट का होऊ लागलेत, अंगात बसतच नाहीत.’ पोरीला दिवस गेलेत हे ऐकणाऱ्याला लगेच कळतं. १८१९च्या दुसऱ्या आवृत्तीत ती विचारते की, राजपुत्रापेक्षा तुम्हालाच वर ओढायला इतकं जड का जातं. पण पुढे रानात तिला जुळी झालेली आहेत, ती शेवटच्या, १८५७च्या आवृत्तीतही तशीच राहिली! कपड्यांचं वाक्य काढल्यावर ही मुलं आली कुठून, हा प्रश्न पाठातच लोंबकळत राहतो. (‘गोथेल’ हे विशेषनाम समजू नका. हेसेन भागातल्या बोलीत धर्ममातेला तसं म्हणत.)

हिमगौरीची वैरीण १८१२मध्ये तिची सख्खी आई आहे. १८१९मध्ये ती सावत्र झाली. हेन्सेल आणि ग्रेटेलच्या आईला सावत्र व्हायला १८४० उजाडलं. आई पोटच्या पोरांना रानात सोडते हे घरात मोठ्याने वाचवत नसावं. मला हा बदल सगळ्यांत मोठा वाटतो, कारण घरात भाकरी नाही तेव्हा आई काय ठरवते हा त्या गोष्टीचा गाभाच होता. सावत्रपणा आला आणि दोष भुकेवरून बाईच्या स्वभावावर गेला.

राहिलं ते क्रौर्य. राणी जी फुप्फुसं आणि यकृत हिमगौरीचं समजून खाते, ती मिठात शिजवलेली आहेत, आणि ते मीठ १८५७मध्येही आहे. राणीला शेवटी घालावे लागतात ते तापवलेले लोखंडी जोडेही आहेत.

आणि नव्याने आलं तेही क्रौर्यच. आशेनपुटेलच्या, म्हणजे आपण जिला सिंड्रेला म्हणतो तिच्या, सावत्र बहिणी बुटात पाय बसावा म्हणून एक अंगठा छाटते, दुसरी टाच. हे पहिल्यापासून आहे. पण लग्नाच्या दिवशी कबुतरं त्यांचे डोळे टोचून काढतात, तो शेवट १८१९चा. म्हणजे मुलांना न शोभणारा प्रत्येक शब्द काळजीपूर्वक काढला असं ज्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत म्हटलंय, त्याच आवृत्तीत हे डोळे फुटतात. त्या घरांना गरोदरपण खटकत होतं, शिक्षा खटकत नव्हती.

म्हणून ‘मूळ’ एवढंच लिहू नका. ‘१८१२चा पाठ’, ‘१८५७चा पाठ’ असं लिहा.

प्रतिसाद ३

यात एक भर. १८१२च्याही मागे १८१०चं हस्तलिखित आहे. कवी ब्रेन्टानोला पाठवलेली ती प्रत पुढे आल्सासमधल्या ओलेनबेर्ग मठात सापडली. त्यातल्या कित्येक गोष्टी नुसती टिपणं आहेत. शिवाय गोष्टी सांगणारे सगळे खेड्यातले जर्मन शेतकरी होते असंही नाही. कासेलजवळच्या डोरोथेआ फीमान शिंप्याची बायको आणि ह्यूगनॉट, म्हणजे फ्रान्समधून आलेल्या प्रोटेस्टंटांच्या, वंशातल्या होत्या. हासेनफ्लुग कुटुंबाच्या घरात फ्रेंच बोललं जाई. ‘निळ्या दाढीवाला’ आणि ‘बूट घातलेला बोका’ या गोष्टी १८१९मध्ये गाळल्या, कारण त्या फ्रेंचच्या फार जवळ होत्या. शुद्ध मुळापर्यंत खणत गेलात तर खाली दुसऱ्याच भाषेचं पाणी लागतं.

गाळलेल्यांत ‘मुलं खाटीक-खाटीक खेळली’ ही गोष्टही आहे. एक पोर खाटीक होतं, दुसरं डुक्कर, आणि सुरी खरी. ग्रिम बंधूंचा लेखक मित्र आर्निमने त्यावर हरकत घेतली होती. १८१९पासून ती संग्रहात नाही.

प्रश्नकर्ती

मग लहानांना वाचून दाखवताना काय करायचं? माझी भाची आठ वर्षांची आहे.

प्रतिसाद २

जोडे, टाच, भट्टीतली चेटकीण हे मी तसंच वाचून दाखवेन. या गोष्टींची भाषा क्रौर्य चघळत नाही. हे वाक्य बघा : ‘मग तिला त्या लालबुंद तापलेल्या जोड्यांत पाय घालावे लागले आणि मरून जमिनीवर पडेपर्यंत नाचावं लागलं.’ किंकाळी नाही, चरचर नाही, वेदनेचं एकही विशेषण नाही. भाषांतरात आपण ‘भयंकर’, ‘असह्य’ घातलं की गोष्ट खरी बीभत्स होते. तेवढा मोह आवरा.

एक गोष्ट मात्र मी लहानांसमोर वाचणार नाही. ‘काट्यांतला ज्यू’. पोरगा जादूच्या फिडलवर एका ज्यू माणसाला काट्यांत नाचवतो, शेवटी तो माणूस फासावर जातो, आणि गोष्ट पूर्णपणे पोराच्या बाजूने हसते. ती १८५७च्या आवृत्तीतही आहे. तुम्ही स्वतः जरूर वाचा, कारण ‘न गाळलेलं’ हवं तर हेही आलंच. पण तिथला विखार हा त्या समाजाचा खरा द्वेष आहे, त्याला जोड्यांच्या शिक्षेसारखं वाचता येत नाही.

प्रतिसाद ४

भाषांतरासाठी व्याकरणातली एक सोय सुचवतो. स्नेविटशन (हिमगौरी), रोटकेप्शन (लाल टोपीवाली), आशेनपुटेल ही तिन्ही नावं जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहेत. पहिल्या दोन नावांसारखा ‘-शन’ प्रत्यय लागला की शब्द नपुंसकलिंगी होतोच. म्हणून गोष्टीत ‘ती’ नव्हे, पुष्कळदा ‘ते’ येतं. इंग्रजीत हे आणणं अवघड, पण मराठीत आपल्याकडे ‘पोरगं’, ‘लेकरू’ आहे. ‘रोटकेप्शनने डोळे वर केले आणि त्याला झाडांतून नाचणारी उन्हाची तिरीप दिसली’ असं करून बघा. पोर किती लहान आहे ते वेगळं सांगावं लागत नाही.

सुरुवात ‘बेडूक राजा’पासून करा. वाक्यं सोपी आहेत, आणि राजकन्या बेडकाचा मुका न घेता त्याला सगळ्या ताकदीनिशी भिंतीवर आपटते. ‘माखान्डेलबोम’ (जुनिपरचं झाड) ही गोष्ट शेवटी ठेवा. ती चित्रकार रुंगेने उत्तरेकडच्या प्लाट बोलीत लिहून दिलेली आहे, तुमच्या शिकलेल्या जर्मनला ती सहज दाद देणार नाही. मोठ्याने वाचली की थोडी उलगडते.