महापालिकेच्या हातात नक्की किती आहे?

महापालिकेने मनावर घेतलं तर परवडणारी घरं होतील असं म्हटलं जातं, पण ते तितकं सोपं नाहीये हो. १९६६ च्या एमआरटीपी म्हणजे राज्याच्या नगररचना कायद्यात डीपी, म्हणजे शहराचा विकास आराखडा, पालिका बनवते खरं, पण अंतिम मंजुरी राज्य सरकारचीच. आता २० टक्क्यांचा नियम बघा, २०१३ मध्ये सरकारनेच आणला, ४००० चौरस मीटर किंवा मोठ्या प्लॉटवर बिल्डरने घरांची स्कीम केली तर २० टक्के घरं छोटी आणि ती म्हाडाच्या लॉटरीतून द्यायची. पण आला तेव्हा तो फक्त १० लाखांवर लोकसंख्येच्या महापालिकांनाच, म्हणजे पुणे, नाशिक आत आणि आमचं कोल्हापूर बाहेर! शिवाय ४००० ची रेषा आखली की जमिनीचे तुकडे पाडून ४००० च्या खाली राहायची आणि नियम टाळायची वाट आपोआप तयार होते, माझ्या मते ही मर्यादा निम्म्यावर आणायला हवी. पैशाचंही तेच, २०१५ च्या पीएम आवास या केंद्राच्या घरकुल योजनेत भागीदारीच्या, म्हणजे सरकारने इतरांसोबत मिळून बांधलेल्या, घराला केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा १ लाख मिळायचे, मग जमीन महाग असेल तर एवढ्यात काय होणार? नगरसेवकाला जरूर धरा, पण आमदारालाही विचारा की त्याने विधानसभेत यावर कधी प्रश्न मांडलाय का.