मदत हवी आहे : बुडालेल्या विमान कंपनीतली ग्रॅच्युइटी

आमचे दादा सांताक्रूझला ग्राउंड स्टाफमध्ये होते. कंपनी आता लिक्विडेशनमध्ये, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवून गुंडाळणं चाललंय. दावा भरलाय, पुसट शिक्क्याची पोच आहे. विचारलं की उत्तर एकच, "प्रक्रिया सुरू आहे". वर शेजारचे काका त्यांचे माइल्स (विमानप्रवासावर मिळणारे पॉइंट) कसे वाचले ते रंगवून सांगतात! अमेरिकेत 2005 मध्ये युनायटेड एअरलाइन्सने तेच केलं: पेन्शन योजना सरकारी विमा संस्थेच्या गळ्यात, माइल्स मात्र चालू. गिऱ्हाईक परत हवं असतं ना.

आपल्या दिवाळखोरी कायद्याच्या कलम 36 प्रमाणे पीएफ, पेन्शन, ग्रॅच्युइटी फंडातले पैसे देणेकऱ्यांच्या वाटपात धरत नाहीत. पण कंपनीने ग्रॅच्युइटीचा वेगळा फंडच ठेवला नसेल तर? कफ परेडला एनसीएलटीत (दिवाळखोर कंपन्यांची प्रकरणं चालवणारं न्यायाधिकरण) अर्ज करायचा की लेबर कमिशनरकडे? यातून गेलेलं कोणी आहे का? वकील सुचवलात तरी चालेल, फी झेपणारी हवी.