‘पिंक फ्लॉइड अ‍ॅट पॉम्पेई’: चित्र १९७२ चे आणि ध्वनी २०२५ चा, हे पटते का?

रिकामे_प्रेक्षागार (धागाकर्ता):
ऑक्टोबर १९७१ मध्ये पिंक फ्लॉइड या चौघांच्या ब्रिटिश रॉक बँडने, ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या इटलीतील पॉम्पेई शहराच्या प्राचीन अँफिथिएटरमध्ये (गोलाकार खुल्या प्रेक्षागारात) प्रेक्षकांविना वादन केले आणि दिग्दर्शक एड्रियन मेबन यांनी ते चित्रित केले. हा चित्रपट पहिल्यांदा १९७२ मध्ये दाखवला गेला. त्याची नवी आवृत्ती एप्रिल २०२५ मध्ये आयमॅक्स आणि इतर चित्रपटगृहांत आली. तिच्यासाठी मूळ ३५ मिमी निगेटिव्हवरून ‘४के’ (अतिस्पष्ट डिजिटल) प्रत तयार करण्यात आली, तर ध्वनीचे मिश्रण संगीतकार स्टीव्हन विल्सन यांनी नव्याने केले.

चित्राविषयी माझी तक्रार नाही. ‘एकोज’ या गाण्याच्या सुरुवातीला कॅमेरा दुरून संथपणे वादकांकडे सरकतो, तेव्हा दगडी पायऱ्यांचा खडबडीतपणा आणि मागच्या ध्वनिवर्धकांवर पडलेले ऊन इतके स्पष्ट दिसते की आजवर आपण या चित्रपटाची सावलीच पाहत होतो असे वाटते. आक्षेप आहे तो ध्वनीवर. चित्राच्या बाबतीत १९७२ शी इमान राखायचे आणि ध्वनी मात्र त्या काळी अस्तित्वातच नसलेल्या डॉल्बी अ‍ॅटमॉससाठी (चहूबाजूंनी आवाज देणाऱ्या ध्वनितंत्रासाठी) नव्याने रचायचा, हे एकाच कलाकृतीला दोन न्याय लावण्यासारखे आहे.

चौथी_काठी:
मला हा युक्तिवाद मुळातच मान्य नाही. निगेटिव्ह हा जसा चित्राचा मूळ पुरावा आहे, तशाच मल्टिट्रॅक टेप (ज्यांवर आवाज वेगवेगळ्या पट्ट्यांत ध्वनिमुद्रित असतात) हा ध्वनीचा मूळ पुरावा आहे. १९७२ चे मिश्रण हा त्या टेपांचा एक अर्थ होता, शेवटचा शब्द नव्हे. ओठ हलवून वाजवल्याचा अभिनय करायचा नाही, प्रत्यक्षच वाजवायचे, असा या चौघांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांची अवजड यंत्रसामग्री ट्रकमधून इटलीत नेण्यात आली. एवढा खटाटोप ज्या वादनासाठी केला, तेच नीट ऐकू येऊ नये, ही कसली निष्ठा?

‘वन ऑफ दीज डेज’ हे गाणे पुन्हा पाहावे. काही रिळे गहाळ झाल्यामुळे त्यात जवळजवळ फक्त ड्रमवादक निक मेसनच दिसतात, आणि वाजवता वाजवता हातातली काठी उडाल्यावर ते ठेका न मोडता दुसरी उचलतात. मी पूर्वी पाहिलेल्या प्रतींत त्या क्षणी झांजांचा नुसता फसफसाट ऐकू येई. आता प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो. शिवाय हे चित्रीकरण झाले तेव्हा हे गाणे आणि ‘एकोज’ ज्यात आहेत तो ‘मेडल’ हा अल्बम बाजारात आलेलाही नव्हता, त्यामुळे ही गाणी त्यांच्या हातात किती ताजी होती हे आता कुठे कळते.

धूसर_रीळ:
मी तर चित्राच्याही विरोधात आहे. अतिस्पष्टतेने या चित्रपटाची जोडणी उघडी पाडली आहे. ‘सेट द कंट्रोल्स’ आणि ‘केअरफुल विथ दॅट अ‍ॅक्स, यूजीन’ या गाण्यांचे वादन पॉम्पेईत नव्हे, तर नंतर पॅरिसच्या स्टुडिओत चित्रित झाले. कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांना पॉम्पेईत दाढी आहे, पॅरिसमध्ये ती गायब आहे. जुन्या धूसर प्रतीत हे सांधे अंधारात मिसळून जात आणि सगळे एकाच वेळी, एकाच ज्वालामुखीच्या पायथ्याशी घडते आहे असा भास टिकून राहत असे. हा भास म्हणजेच चित्रपट होता.

चौथी_काठी:
दाढीचा घोटाळा रसिकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. त्याचा दोष नव्या प्रतीच्या माथी कशाला? आणि पॅरिसमध्येच चित्रित झालेला, हार्मोनिकाच्या साथीला कुत्र्याने सूर लावण्याचा तो प्रसंग कितीही धूसर केला तरी गूढ होणार नाही. (तो काढून टाकला असता तरी मी आभारच मानले असते.)

माँटाज:
मूळ आवृत्ती कोणती, हे आपण गृहीतच धरून चाललो आहोत. २००३ च्या डीव्हीडीसाठी खुद्द मेबन यांनीच नवी जुळणी केली होती आणि तीत संगणकनिर्मित पॉम्पेई व अंतराळाची दृश्ये घातली होती. मला ती दृश्ये मुळीच आवडली नव्हती आणि २०२५ च्या आवृत्तीत ती नाहीत याचा आनंदही आहे. पण दिग्दर्शकाने स्वतः केलेला बदल बाजूला सारणे याला जर आपण पुनरुज्जीवन म्हणत असू, तर विल्सन यांच्यावर हरकत घेण्याचा अधिकार आपल्याला कितपत उरतो?

रिकामे_प्रेक्षागार (धागाकर्ता):
प्रश्न रास्त आहे, तरी फरक उरतोच. २००३ चा बदल वगळल्याने प्रेक्षक आधीच्या चित्रपटाकडे परत जातो. नव्या मिश्रणाने तो पूर्वी कधीच नसलेल्या ठिकाणी जातो. समोर रिकामे मैदान आणि आवाज मात्र माझ्या पाठीमागून, या अनुभवात वादकांचे एकाकीपण पातळ होते. नवे मिश्रण जरूर असावे, पण त्याच्या शेजारी १९७२ चा ध्वनी निवडण्याची सोयही प्रत्येक आवृत्तीत असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

चौथी_काठी:
अशी सोय देण्याला माझा विरोध नाही. मात्र ‘अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ या रचनेचा शेवट, जिथे गिटारवादक डेव्हिड गिल्मर यांचा शब्दहीन स्वर ऑर्गनवर चढत जातो, आधी नव्या आणि मग जुन्या ध्वनीत सलग ऐकावा, आणि त्यानंतरही जुनाच हवा असे म्हणणारे किती उरतात ते इथे येऊन सांगावे.