पप्पांच्या अकरा वह्या: सॉफ्टवेअरमध्ये वचनावर चढवाव्यात की कागदावरच राहू द्याव्यात?

रेसिडेन्सीकर:
सर्वांना सलाम. पप्पांच्या बायबल-अभ्यासाच्या अकरा वह्या माझ्याकडे आहेत. सगळ्या इथल्या इंदूरच्या खजुरी बाजारातून आणलेल्या, निळ्या शाईच्या, 1974 पासूनच्या. गेल्या पावसाळ्यात कपाटाला ओल आली आणि दोन वह्यांची अक्षरं पसरली. तेव्हापासून मी रोज चार पानं टाइप करतो आणि एकेक टिपण लोगोस या बायबल-अभ्यासाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या त्या वचनाला बांधतो. नुसते फोटो काढून भागत नाही, कारण फोटोत शब्द शोधता येत नाही. मोबाइलकडून अक्षर वाचून घ्यायचा प्रयत्न केला. छापील मराठी तो बरी वाचतो, पप्पांची जोडाक्षरं नाही. म्हणून मी मोठ्याने वाचतो, तो लिहितो, मग मी दुरुस्त करतो.

मोठं कारण मुलांचं आहे. ती इथल्या हिंदी मंडळीत, म्हणजे हिंदी चर्चमध्ये, वाढली. पप्पांनी समासात ‘अनु. 17:18’ लिहिलंय, म्हणजे मराठी बायबलातलं ‘अनुवाद’, अध्याय 17, वचन 18. मुलांच्या बायबलात ते पुस्तक ‘व्यवस्थाविवरण’, त्यामुळे ‘अनु.’ म्हणजे कुठलं पुस्तक हेच त्यांना कळत नाही. वचनाला बांधलेलं टिपण मात्र कुठलंही भाषांतर उघडलं तरी त्याच जागी दिसतं. सर्वांनी आपल्या घरच्या वह्यांचं हे करावं असं माझं ठाम मत आहे.

जुनी_इंदूर:
दादा, ओल लागली याचं वाईट वाटलं, पण मला हे पटत नाही. माझ्या आजोबांच्या एका रविवारच्या पानावर स्तोत्र 23 आहे, तिथून ते यहेज्केल 34 मधल्या वाईट मेंढपाळांकडे जातात आणि मग योहान 10 वर येतात. तो एक सलग विचार आहे. तुमच्या पद्धतीने त्याचे तीन तुकडे तीन पुस्तकांत जातील आणि एकातून दुसरं का सुचलं ते कुठेच उरणार नाही. वचनांचे आकडे नव्या करारातली पत्रं लिहिणाऱ्या पौलाने घातलेले नाहीत. नव्या करारात आजचे आकडे मुद्रक रोबेर एतिएनने 1551 साली घातले. त्या आकड्यांच्या खुंट्यांवर माणसाचं आयुष्यभराचं मनन का टांगायचं?

आणि तुम्हीच दिलेलं वचन बघा. अनुवाद 17:18 मध्ये राजाने नियमशास्त्राची नक्कल स्वतःसाठी लिहून काढावी असं आहे. ते मुलांच्या हातून होऊ द्या. वही पुढ्यात ठेवून त्यांना पेनाने उतरवू द्या, ‘अनु.’ आपोआप कळेल.

छावणीची_लेक:
मी 2002 मध्ये आईची टिपणं एका जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केली होती. आज ती फाइल उघडली की नुसती चिन्हं दिसतात. आईची वही अजून वाचता येते.

पाटणीपुरा:
ताई, म्हणूनच युनिकोडमध्ये टाइप करायचं आणि एक प्रत वर्डमध्येही ठेवायची. कागद टिकतो यावर फार विसंबू नका. यिर्मया 36 मध्ये राजाने यिर्मया संदेष्ट्याच्या वचनांची गुंडाळी चाकूने कापून शेगडीत जाळली. त्याचा लेखनिक बारूख याने ती सगळी पुन्हा लिहिली, वर आणखी वचनं घातली. दुसरी प्रत करणं हे शास्त्रातलंच काम आहे.

जुनी_इंदूर यांची अडचण खरी आहे, पण लोगोसमध्ये एकच टिपण अनेक वचनांना बांधता येतं. ते पान न तोडता तिन्ही ठिकाणी लावा.

जुनी_इंदूर:
हे माहीत नव्हतं, मान्य. पण खोडलेल्या ओळींचं काय करणार? आजोबांच्या वह्यांत छापून काढण्यासारखं जेवढं आहे, तेवढंच खोडलेलं आहे.

रेसिडेन्सीकर:
इथे मी अडलोय. काल स्तोत्र 13 चं पान आलं, ‘कोठवर’ असं देवालाच विचारणारं. समासात तारीख 3 डिसेंबर 1984 आणि एकच शब्द, ‘भोपाळ’. खाली दोन ओळी खोडलेल्या. उजेडासमोर धरल्या तर वाचता येतात. त्या देवावर रागावून लिहिलेल्या आहेत. पप्पांना असं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. सगळी वही आपण वाचली आहे असं मी इतकी वर्षं समजत होतो. टाइप करायला बसलो नसतो तर हे पान मला दिसलंच नसतं, म्हणून काम थांबवणार नाही. पण त्या ओळी टाइप करू का?

जुनी_इंदूर:
करू नका. त्यांनी त्या स्वतःच्या हाताने मागे घेतल्या आहेत. उद्या नातवाने ‘भोपाळ’ शोधलं तर आजोबांचं मागे घेतलेलं बोलणं त्याच्यासमोर येईल.

पाटणीपुरा:
मी करेन. स्तोत्रकर्त्याने तरी आपला ‘कोठवर’ कुठे खोडला?

रेसिडेन्सीकर:
आईला पान दाखवलं. तिने ते बराच वेळ हातात धरलं. त्या रात्री पप्पा जेवले नव्हते म्हणाली. ओळी टाइप करू नकोस, पण पानाचा फोटो त्या वचनाला लाव, खोडलेलं दिसू दे. तसंच केलंय. सातवी वही उद्या सुरू करतो.