मानेवाड्यावरून काल रात्री आगीचा गोळा पाहिला. उल्काच होती ना?

टाकीजवळचा भाऊ:
राजेहो, काल रात्री पाऊण वाजता दक्षिण नागपुरात कोणी जागं होतं का? बुटीबोरीची सेकंड शिफ्ट करून घरी आलो. घरात खर्रा चालत नाही, म्हणून पुडी घेऊन गच्चीवर टाकीजवळ उभा होतो. पुडीचा रबर काढतो न काढतो, तर हातातली पन्नी हिरवट-पांढरी चमकली. वाटलं, कोणी टॉर्च मारून राहिलं. पण टाकीची सावली कठड्यावर लांब लांब होत चाललेली! वळून पाहिलं तर मृगाच्या तीन ताऱ्यांकडून गोळा निघाला, व्याधाच्या बाजूने खाली आला, मागे ही लांब शेपूट. शेवटी नारिंगी झाला, दोन ठिणग्या सुटल्या आणि समोरच्या बिल्डिंगमागे उमरेड रोडकडे गेला. पाचेक सेकंदांचा खेळ. आवाज नाही. गल्लीतलं कुत्रंही भुंकलं नाही.

बायकोला उठवलं तर म्हणे, "खर्रा सोडा, तारे दिसणं बंद होईल."

सिंदेवाहीकडे रॉकेट पडलं होतं, तसलं तर नाही? आणि उमरेडकडे पडलं असेल तर रविवारी गाडी काढू का?

सिंदेवाहीची लेक:
नाही हो दादा, ते वेगळं होतं. 2 एप्रिल 2022, संध्याकाळी पावणेआठचा सुमार. मी माहेरी अंगणात होते. एक गोळा नव्हता, ठिणग्यांची रांगच्या रांग एकमेकींना धरून चाललेली. इतकी सावकाश, की आईला स्वयंपाकघरातून हाक मारून आणलं तरी संपली नव्हती. लाडबोरीत पडलेलं धातूचं कडं तीनेक मीटर व्यासाचं होतं. चिनी रॉकेटचं निघालं.

दुर्बीणवाला:
ताईंनी फरक बरोबर पकडला. कक्षेतून खाली येणारा कचरा सेकंदाला आठ किलोमीटरच्या आतच असतो, म्हणून रेंगाळतो. उल्केचा वेग अकरापासून सुरू होतो, पार बहात्तरपर्यंत. भाऊंची उल्काच. शुक्रापेक्षा तेजस्वी उल्केला अग्निगोल म्हणतात, आणि सावली पडली म्हणजे ही त्याहून बरीच तेजस्वी.

आता गंमत. व्याधाकडून मृगाच्या बाणातून रेघ मागे न्या. ती रोहिणीवरून कृत्तिकेकडे जाते, म्हणजे वृषभ राशीत. नोव्हेंबरात तिथूनच वृषभी उल्का येतात, एन्के धूमकेतूची धूळ. संख्येने कमी, पण अग्निगोलांसाठी नावाजलेल्या. डिसेंबरातल्या मिथुनी असत्या तर रेघ पुनर्वसूकडे गेली असती.

उमरेडला पेट्रोल जाळू नका. बिल्डिंगमागे गेलेली वाटली तरी ती शंभर-दीडशे किलोमीटर पलीकडे असणार. आवाजाला किलोमीटरमागे तीन सेकंद लागतात, म्हणजे आलाच असता तर पाच-सात मिनिटांनी. तोवर तुम्ही वहिनींना उठवत होता!

आज त्याच जागी उभे राहा. हात लांब करून मूठ धरली की ती साधारण दहा अंश. बिल्डिंगच्या कोपऱ्यापासून किती मुठी वर दिसली ते मोजा, मोबाइलच्या होकायंत्रावर दिशा घ्या आणि इंटरनॅशनल मीटिऑर ऑर्गनायझेशनचा अग्निगोलाचा फॉर्म भरा. एकट्याच्या सांगण्यावरून फक्त दिशा कळते. वर्ध्याचा किंवा भंडाऱ्याचा कोणी मिळाला तर दोन रेघा छेदतात आणि उंची निघते. शेजाऱ्यांचा सीसीटीव्हीही पाहा, पण त्याच्या घड्याळावर भरवसा नको.

टाकीजवळचा भाऊ:
पाहिला! समोरच्या काकांच्या कॅमेऱ्यात आभाळ नाही, नुसतं पोर्च. 12:51 ला अॅक्टिव्हाचा आरसा चमकतो, गेटच्या गजांच्या सावल्या रांगोळीपर्यंत लांब होतात आणि गप. मोबाइलशी ताडलं, कॅमेरा चार मिनिटं पुढे आहे. म्हणजे 12:47. मुठी मोजून झाल्या, फॉर्म भरतो. वर्धा-भंडाऱ्याचं कोणी असेल तर बोला ना बाप्पा.

बायकोने क्लिप तीनदा पाहिली. आता म्हणते, "मग तेव्हाच हाक का नाही मारली?"